शेपटीचे रूळ

लिहायला बसावं की नाही, हे ठरवण्यातच माझी दोन वर्षं गेली. ज्यांच्या हातून काही घडलं त्यांनी आठवणी लिहाव्यात, अशी माझी समजूत होती आणि अजूनही आहे. मी कल्याणच्या एका शाळेत भूगोल शिकवला, डोंबिवलीत दोन खोल्यांत संसार केला आणि ठरल्या दिवशी निवृत्त झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणाला सही करायची वेळ आली नव्हती, सगळे अंगठेच होते. अशा घरातला माणूस पुस्तक लिहू लागला तर जाणत्यांना हसू येईल, ते त्यांनी खुशाल येऊ द्यावं. आणखी एका गोष्टीची माफी आधीच मागून ठेवतो. हे प्रकरण मी चांगल्या मनाने लिहीत नाही. एका माणसाविषयी आणि एका कारखान्याविषयी मी पन्नासहून जास्त वर्षं मनात राग धरला आहे. म्हातारपणी तो निवला, असं लिहिलं असतं तर वाचकांना बरं वाटलं असतं. पण तो निवलेला नाही.

आमचं घर ठाण्याजवळ बाळकुमला, खाडीच्या अंगाला. आता तिथे बिल्डिंगा इतक्या उंच झाल्यात की खाडी दिसायला सातव्या मजल्यावर जावं लागतं, असं ऐकतो. त्या वेळी आमच्या ओटीवरून खाडी दिसायची आणि घराच्या मागून लाईन जायची. लाईन म्हणजे लाकडाची लाईन. डोंगराच्या पायथ्याशी वखार होती, तिथे रानातले सागाचे आणि ऐनाचे ओंडके गाड्यांनी येऊन पडत. वखारीपासून बंदरापर्यंत दोनेक मैल अरुंद रूळ टाकलेले होते. भरलेली ट्रॉली उतारावरून आपल्या वजनाने खाली यायची. मागच्या बाजूला एक माणूस लाकडी दांड्यावर पाय देऊन उभा असे, दांडा चाकावर दाबला की वेग कमी होई. बंदरावर ओंडके मचव्यात, म्हणजे मालाच्या शिडाच्या होडीत, चढत आणि मोकळी ट्रॉली बैल लावून वर नेत. ही लाईन माझ्या पणजाच्या काळात कुण्या गोऱ्या कंपनीने टाकली. ती कंपनी केव्हाच गेली. नंतर ठेकेदार आले, गेले, पण लाईन चालवणारी आमची अकरा घरं तीच राहिली. कागदावर लाईन कुणाची, हे आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

माझ्या आईचं घड्याळ म्हणजे ती लाईन. स्वयंपाकाच्या कोनाड्यात पितळी तांब्या आणि दोन वाट्या ठेवलेल्या असत. ट्रॉली वरच्या वळणाला लागली की वाटी तांब्याला लागून बारीक वाजायला लागे. आई तेवढ्यात तवा चुलीवर चढवी. वाटीच्या वाजण्यावरून तिला कळे की दांड्यावर कोण आहे. आबा, म्हणजे माझे वडील, असले तर आवाज एकसारखा, माझा चुलतभाऊ धोंडू असला तर मध्येच तुटका, कारण तो भित्रा होता आणि सारखा दांडा दाबायचा. आई म्हणायची, "ह्यो धोंडू येतंय, भाकरी उशिरा टाकते." आबा असले की ट्रॉली आमच्या मागच्या दारापाशी आली तेव्हाच तांदळाची भाकरी फुगून तव्यावरून उतरलेली असायची. ती केळीच्या पानात, वर सुकटीची चटणी, आणि दारातून हात लांब करून आई ती आबांच्या हातात देई. ट्रॉली थांबत नसे. इतक्या वर्षांत ती भाकरी खाली पडलेली मी पाहिली नाही.

लाईनीचा बंदराकडचा शेवटचा तुकडा, अडीचशे पावलांचा, त्याला आम्ही शेपटी म्हणत असू. पावसाळ्यात रानतोड बंद, म्हणून ट्रॉली बंद. त्या चार महिन्यांसाठी शेपटी उचलून ठेवायची आमची रीत होती. वटपौर्णिमेच्या आधी अकरा घरांतली माणसं जमत, खिळे काढत, रूळ खांद्यावर घेऊन वरच्या छपरात आडव्या दांड्यांवर रचत. रुळांखालच्या आडव्या लाकडांना, सिलिपाटांना, मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोपडत. त्या तेलाचा वास आठ-आठ दिवस हातांना राही आणि त्या दिवसांत मी शाळेत गेलो की माझ्या बाकावर कुणी बसत नसे. प्रत्येक घराचे सिलिपाट ठरलेले होते आणि प्रत्येकावर त्या घराची खूण छिनीने कोरलेली असे. आमची खूण दोन आडव्या रेघा आणि खाली टिंब. दसऱ्याच्या दिवशी रूळ परत टाकायचे, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि पहिली ट्रॉली सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने खाली आणायची.

शेपटी का उचलत, याची दोन कारणं होती. एक म्हणजे खारं पाणी लोखंड खातं. दुसरं कारण म्हणजे खाडी. बंदरापाशी मातीचा एक बांध होता, त्यामुळे एरवी तिथली जमीन कोरडी खडखडीत दिसे, त्यावर पोरं विटीदांडू खेळत. पण श्रावणातल्या पुनवेच्या उधाणाला, वरून पाऊस असला तर, पाणी बांध ओलांडून यायचं आणि शेपटीवर माणसाच्या छातीइतकं चढायचं. तीन-चार तास राहून निघून जायचं. नवख्या माणसाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तरी खरं वाटलं नसतं.

मी मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या कॉलेजात जाऊ लागलो. घरात दिवा एक, माणसं सहा, तेव्हा वाचायला जागा नव्हती. शाळेतल्या मास्तरांनी मला नौपाड्यातल्या एका वकिलांकडे नेलं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. त्यांच्या घराला रस्त्याकडे पडवी होती, तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि कपाटभर पुस्तकं. भाऊसाहेब म्हणाले, बस इथे आणि वाच, कुणी हटकणार नाही. त्यांच्या घरातल्या काकू मला दुपारी चहा देत, आणि तो मला वेगळ्या कपात देत नसत. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्यांनी माझ्याशी वाईट वागून मग घात केला असता तर मी तो केव्हाच विसरलो असतो. ते माझं इंग्रजी दुरुस्त करत. त्यांच्याजवळ लाल पेन्सिल असे, चुकलेल्या शब्दाखाली ती रेघ ओढत आणि वर बरोबर शब्द लिहीत. मी घरी येऊन त्या लाल रेघा आबांना कौतुकाने दाखवायचो. आबा कागद लांब धरून बघत आणि म्हणत, "येवढं चुकतंस?"

मग कारखाना येणार अशी बातमी आली. कसला कारखाना होता आणि कुणाचा, ते मी लिहीत नाही, त्यांच्यातलं आज कुणी उरलेलं नाही. त्यांना बंदर हवं होतं, शेपटीची जागा हवी होती आणि वरच्या लाईनीतून रस्ता हवा होता. जागा सरकारी होती. पण लाईन चालू असेल तर ती देता येणार नाही, असं तलाठ्याच्या तोंडून कळलं. लाईन जुनी आहे, चालू आहे आणि अकरा घरं तिच्यावर जगतात, असा अर्ज करा म्हणजे पाहणी होईल, असं तो म्हणाला. अर्ज कोण करणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ओटीवर अकरा घरची माणसं बसलेली आणि मी एकटा कॉलेजात जाणारा. आयुष्यात त्या संध्याकाळइतका मोठा मी पुन्हा कधी झालो नाही. आबा सगळ्यात शेवटी बोलले. "अर्ज कर, पन उचलनीचा लिव. नायतर पावसात कुनी बघाया आला तं बोलल, रूल कुठं हायत?"

मी चार रात्री जागून तो अर्ज लिहिला. पणजोबांपासून सुरुवात केली. उचलणीचा वेगळा परिच्छेद लिहिला. त्याचं पहिलं वाक्य असं होतं की, पावसाळ्यात मिठाने रूळ खराब होऊ नयेत म्हणून शेवटचा भाग प्रथेप्रमाणे उचलून ठेवला जातो. दुसरं वाक्य उधाणाच्या पाण्याविषयी होतं. अर्ज घेऊन मी नौपाड्याला गेलो आणि भाऊसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, मान हलवली. उचलणीच्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य वाचून ते थांबले. मला विचारलं, "म्हणजे पावसाळ्यात तिथे रूळ नसतात?" मी मोठ्या उत्साहाने सगळं सांगायला लागलो, केव्हा उचलतात, केव्हा टाकतात, तेलाचं, खुणांचं, माळेचं. मी पाण्यापर्यंत पोचायच्या आत ते म्हणाले, "छान. पण हरी, अर्ज आटोपशीर हवा. साहेब लोकांना प्रथा वाचायला वेळ नसतो." आणि लाल पेन्सिलने तो अख्खा परिच्छेद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत खोडला. मी त्यांचे आभार मानले. पायाही पडलो.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "उचलनी लिवलीस का?" मी म्हणालो, लिहिली. लिहिली होतीच. ती आता अर्जात नाही, हे सांगावंसं मला वाटलं नाही. त्यांच्या हाताला तेलाचा वास होता आणि माझ्या मनात भाऊसाहेबांची पडवी होती. हे वाक्य लिहायला मला इतर सगळ्या प्रकरणांपेक्षा जास्त वेळ लागला.

श्रावणात, अष्टमीच्या दिवशी पाहणी होणार, असा निरोप दोनच दिवस आधी आला. त्या दिवसांत भांग होता, म्हणजे भरती अगदी मरतुकडी, पाणी बांधाच्या आसपासही येणार नव्हतं. आबांनी लगेच माणसं गोळा केली. म्हणाले, "चला, रूल टाकू. दोन दिसात सगली शेपटी होतं." आणि मी, कॉलेजात जाणारा, म्हणालो, नको. रीत मोडायची कशाला? साहेब लोकांना प्रथा सांगितली की समजतं. भाऊसाहेबांनी अर्ज बघितलाय. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग माणसांना म्हणाले, "हरी बोलतंय तं ऱ्हाऊ दे." रूळ छपरातच राहिले.

पाहणीला दोन सरकारी माणसं आली, एकाच्या हातात वही. त्यांच्याबरोबर कारखान्याचे दोघे आणि त्या दोघांच्या मध्ये छत्री घेतलेले भाऊसाहेब. मी त्यांना पाहिलं तेव्हा मला आनंद झाला. मला वाटलं, आमच्यासाठी आलेत. मी पुढे होऊन नमस्कार केला. त्यांनीही केला. वहीवाल्याने विचारलं, रूळ कुठे आहेत? आबांनी छपराकडे बोट दाखवलं. भाऊसाहेब अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "रचून ठेवलेलं लोखंड म्हणजे लाईन नव्हे, साहेब. अर्जात तर लाईन बारमाही चालू असल्यासारखं लिहिलं आहे. अशी काही प्रथा असती तर अर्जदाराने लिहिली नसती का?" वहीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मला लाल रेघा दिसत होत्या आणि मी छपरातल्या रुळांकडे बघायला लागलो. पंचनाम्यात लिहिलं गेलं की जागेवर रूळ नाहीत. आबांनी अंगठा उठवायला नकार दिला, पण त्याने त्यांचं काही अडलं नाही.

ते परत निघाले तेव्हा मी धावत जाऊन भाऊसाहेबांना गाठलं. मी काय बोललो ते आठवत नाही. त्यांनी छत्री माझ्या डोक्यावरही धरली, हे आठवतं. म्हणाले, "मी त्यांचा वकील आहे, हरी. तू मला कधी विचारलं नाहीस. आणि मी एक शब्द खोटा बोललो नाही. तूच सांगितलंस." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, अभ्यास सोडू नकोस, पडवी तुझीच आहे.

मी त्या पडवीत पुन्हा गेलो नाही. उरलेली दोन वर्षं कोपरीला एका पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत वाचलं, तिथे पुस्तकाच्या पानांवर पीठ बसायचं. पण मला सुचलं ते त्याच आठवड्यात. त्यांनी पहिलंच वाक्य वाचून पेन्सिल फिरवली होती. मीठ त्यांना ठाऊक होतं. पाणी ठाऊक नव्हतं. दुसरं वाक्य माझ्याजवळ होतं, आणि ते आता मी कुणालाही देणार नव्हतो. मी अकरा घरांत फिरलो. छपरातल्या रुळावर एकेकाचा हात ठेवायला लावून सांगितलं की कारखान्याच्या माणसाने विचारलं तर पाणी येत नाही म्हणायचं. धोंडू घाबरला होता, पण त्यानेही हात ठेवला. आबांना मी हात ठेवायला सांगितलं नाही. घरच्या माणसाला काय सांगायचं, असं वाटलं.

जागा कारखान्याला मिळाली, त्या दसऱ्याला रूळ छपरातच राहिले, आणि पुढच्या माघात कारखान्याचा इंजिनिअर आला. बाहेरून आलेला तरुण माणूस, हिंदी आणि इंग्रजी बोलणारा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जमीन पावलांनी मोजणारा. गोदाम कुठे बांधायचं ते तो ठरवत होता आणि ते नेमकं शेपटीवर येत होतं. जमीन कोरडी होती, पोरं खेळत होती. त्याने मला इंग्रजीत विचारलं, पावसाळ्यात खाडीचं पाणी इथे येतं का? तो खरोखर जाणून घ्यायला विचारत होता, त्याच्या डोळ्यांवरून मला दिसत होतं. मी म्हणालो, "नो सर. नेव्हर." भाऊसाहेबांनी शिकवलेल्या इंग्रजीचा मी तो सगळ्यात चांगला उपयोग केला असं मला त्या क्षणी वाटलं. अजूनही अधूनमधून वाटतं. तो इंजिनिअर हसून थँक यू म्हणाला. आबा दहा पावलांवर सिलिपाटाच्या कडा तासत बसले होते.

त्या रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "त्याला इंग्लिशमंदी काय बोललास?" मी सांगितलं. आई भाकरी थापता थापता थांबली. आबांनी वालाचं कालवण भाकरीने पुसून खाल्लं, पाणी प्यायले आणि फक्त "बरा" म्हणाले. सकाळी उठलो तेव्हा ते धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, धोंडूला बरोबर घेऊन बाहेर पडले होते. आईने सांगितलं, बंदरावर काम बघायला गेलेत.

जूनपर्यंत गोदामाचा पाया खणायला सुरुवात झाली आणि मी बाळकुम सोडलं. बी. ए. झालो, कल्याणच्या शाळेत लागलो, डोंबिवलीत खोली घेतली. त्या वेळी डोंबिवलीत विहिरीचं पाणी ओढावं लागे आणि रात्री कोल्हे ओरडत. मी शपथ घेतली होती की त्या जागी पाणी शिरेपर्यंत बाळकुमच्या मातीत पाय ठेवायचा नाही. माझ्या घरात कुणी त्या कारखान्याचं नाव काढलं की मी पानावरून उठत असे. दोनदा-तीनदा असं झाल्यावर लोकांनी नाव काढणं सोडलं. आई माझ्याकडे राहायला आली. आबा आले नाहीत. खाडी दिसली नाही तर झोप लागत नाही म्हणाले. सणावाराला येत. वैशाखात आले की त्यांच्या धोतराला मुशीच्या तेलाचा वास असे. मला वाटे, कुणाच्या होडीचं काम करत असतील. आई मधूनमधून बाळकुमला जाऊन चार दिवस राही आणि आली की खुशीत असे. एकदा म्हणाली, "या खेपेला भाकरी वेळेवर पडली रं, बरोबर दारात." मला वाटलं, म्हातारपणी माणसाचे काळ एकमेकांत मिसळतात. मी काही विचारलं नाही.

मी मात्र वाट बघत होतो. दरवर्षी श्रावणातल्या पुनवेला, शाळेला सुटी असली तरी, मी कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीवर जाऊन उभा राहायचो. मुलांना मी भरती-ओहोटी शिकवायचो, चंद्र, सूर्य, पृथ्वी फळ्यावर काढायचो, त्यामुळे हे मला नीट माहीत होतं की जे पाणी इथे पायऱ्या चढतंय ते थोड्या वेळापूर्वी बाळकुमवरून आलेलं आहे. पायऱ्या मोजायचो. पाणी जास्त चढलं की छाती भरून यायची. मनात गोदाम दिसायचं, भिजलेला माल, बंद पडलेलं काम, कारखान्याचे मालक धोतर वर धरून उभे आणि त्यांच्या मध्ये छत्री घेतलेले भाऊसाहेब, त्यांनी माझ्याकडे बघून म्हणावं, तू सांगितलं नाहीस, आणि मी म्हणावं, तुम्ही मला कधी विचारलं नाही. हे वाक्य मी कितीदा मनात म्हटलं असेल. दुसऱ्या दिवशी पेपरात बघायचो. काही नसे. त्या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी, असं म्हणत मी पेपर घडी करून ठेवायचो. माझी मुलं विचारत, दर श्रावणी पौर्णिमेला बाबा कल्याणला कशाला जातात? बायको सांगे, देवाचं काहीतरी आहे.

भाऊसाहेब ऐंशी ओलांडून अंथरुणात शांतपणे गेले. पेपरात त्यांचा फोटो आला, खाली लिहिलं होतं की त्यांनी अनेक गरीब विद्यार्थ्यांना घडवलं. त्या दिवशी मी दोन कप चहा घेतला, दोन्हींत जास्त साखर. लिहायला लाज वाटते. आबा त्याच्या बऱ्याच आधी, डोंबिवलीच्या खोलीत, दोन दिवसांच्या तापाने गेले. शेवटच्या दिवशी ते मला जवळ बसवून काहीतरी सांगणार होते असं मला वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, "औंदा कल्यानला गेलतास?" मी म्हटलं, गेलो होतो. "बरा," म्हणाले.

मागच्या चैत्रात धोंडूचा मुलगा विनोद मला भेटायला आला. तो बांधकामावर सुपरवायझर आहे. चहा पिऊन झाल्यावर घुटमळत म्हणाला, तात्या, तुमच्यासमोर त्या जागेचं नाव काढायचं नाही असं आमच्या घरात लहानपणापासून आहे, पण आता काढतो. कारखाना बंद होऊन वर्षं झाली. तिथे टॉवर होताहेत आणि त्याच कामावर मी आहे, असं तो म्हणाला. मी उठलो नाही. पाय दुखत होते, हेही एक कारण. त्याने फोन पुढे केला. फोटोत अर्धवट तोडलेलं गोदाम होतं. त्याचं जोतं दगडी आणि माणसाच्या छातीइतकं उंच. जोत्यावर, फरशीच्या बरोबरीने, अरुंद रूळ थेट बंदराच्या दिशेने गेलेले. पुढचा फोटो जवळून काढलेला होता. रुळाखालचं सिलिपाट, काळं, तेलकट. त्यावर दोन आडव्या रेघा आणि खाली टिंब.

विनोदने सांगितलं ते त्याला धोंडूने मरायच्या आधी सांगितलेलं. मी नेव्हर म्हणालो त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा त्या इंजिनिअरकडे गेले होते. धोंडू हिंदीत सांगायला बरोबर होता. आबा म्हणाले, माझा पोर काल खोटा बोलला. रागात हाय, त्याला माफ करा. आणि मग त्यांनी आपल्या छातीवर आडवा हात ठेवला आणि म्हणाले, पानी हितवर येतं. इंजिनिअरने विचारलं, हे मला का सांगता? तुमची लाईन तर आम्हीच घेतली. आबा म्हणाले, गोदामात हमाल म्हनून आमचीच पोरं जातील, साहेबाची नाय. त्या माणसाने विचारलं, बदल्यात काय हवं? आबांनी शेपटी मागितली. जोतं उंच करा आणि त्यावर आमचे रूळ टाका, मचव्यातला माल ट्रॉलीने आत न्या. त्याने ऐकलं. अडीचशे पावलं रूळ आणि आमच्या घरामागून जाणारा एक फाटा, एवढी लाईन राहिली. मोटारी येईपर्यंत तिच्यावर ट्रॉली चालली, आबांच्या दांड्यावर, नंतर धोंडूच्या. दर वैशाखात आबा तिला तेल देत. उचलायची गरज उरली नव्हती.

"सगळ्यांना माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांना," विनोद म्हणाला. "आजीला पण, तुमच्या आईला. तुम्ही रुळावर हात ठेवायला लावलेला ना, ती शपथ मोडली हे तुम्हाला कोण सांगणार? आबा सांगायचे, तो कल्याणला पाणी बघायला जातोय, जाऊ दे."

मी कोनाड्याकडे बघत राहिलो. आईचा तांब्या अजून माझ्याकडे आहे. विनोद पुढे बोलत होता. बिल्डर तो तुकडा भंगारात काढणार आहे, पण ठाण्यातली काही शिकलेली मंडळी आली होती, जुनी लाईन आहे, जपून ठेवा म्हणत होती. त्यासाठी अर्ज करावा लागेल, माहितगार माणसाच्या सहीचा. तात्या, तुम्ही लिहून द्याल का? मी म्हटलं, बघू. आबांवर मला राग आला होता, आणि तो राग कुठे ठेवायचा ते मला कळत नव्हतं, आजही कळलेलं नाही. पण एक गोष्ट मला विचारायचीच होती, ती मी तो दाराशी चपला घालत असताना विचारली.

"विनोद, पाणी आलं होतं का रे कधी?"

"अहो, यायचं की. जोत्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबायचं."

"कुठल्या वर्षी?"

"दरवर्षी, तात्या."